तपकिरी गंधार

सकाळी आठ वाजून दहा मिनिटांनी गाण्याच्या बाईंनी लाकडी पेटी उघडली आणि आत सहावीच्या भूगोलाच्या जुन्या उत्तरपत्रिका निघाल्या.

पेटीत असायला हवी होती एकशे अकरा कार्डं. बाईंनी अकरा वर्षं खपून केलेली. प्रत्येक कार्डावर एक गाणं, ते वाजवणारा एखादा प्राणी आणि सुरांच्या रंगीत पट्ट्या. ज्या पोराला धड वाचता येत नाही, तेसुद्धा पट्ट्या बघून वाजवायचं.

बाईंनी किंकाळी वगैरे फोडली नाही. त्या तडक प्रयोगशाळेत गेल्या.

तिथल्या सहायकाला सगळी शाळा लिटमस म्हणायची, कारण कुणी जरा रोखून पाहिलं की तो लाल व्हायचा. शाळेचा गुप्तहेरही तोच. त्याच्या नावावर सुटलेलं प्रकरण एकच. स्टाफरूमच्या घड्याळाचे सेल कोण पळवतं, हे त्यानं शोधून काढलं होतं. मोठ्या बाई, म्हणजे मुख्याध्यापिकाच पळवत होत्या. ते प्रकरण मग कुणी वाढवलं नाही.

बाई आल्या तेव्हा लिटमस सांगाड्याकडे बघत उभा होता. रोज कपाटात लटकणारा सांगाडा आज सिंकपाशी उभा होता, जणू हात धुवायला आला होता.

"पोरांचे धंदे," लिटमस म्हणाला. "याला काल आत घालायला विसरलो वाटतं. काय झालं बाई?"

बाईंनी सांगितलं. आवाज शांत होता, ओढणीचं टोक मात्र मुठीत पार चुरगळलं होतं.

"बाराला समितीपुढे मला कार्डं दाखवायची आहेत. अकराला तो टॅबलेटवाला येतोय. त्याचं ॲप आवडलं तर संगीताचा तास ॲप घेईल आणि मी घरी. माझ्याकडे दाखवायला ती पेटी सोडून काही नाही रे."

"पेटी शेवटची कधी उघडली?"

"काल पाचला. सगळी होती."

"सगळी म्हणजे एकशे अकरा?"

"त्र्याण्णव नंबर सोडून. उंटाचं कार्ड. एका पोरानं उंटाचं तोंड खाल्लं. दोन महिने झाले, दादांकडे दुरुस्तीला आहे."

दादा म्हणजे चित्रकलेचे सर. कार्डांवरचे सगळे प्राणी त्यांनीच रंगवलेले. बाईंना सख्खा भाऊ नव्हता आणि ही उणीव त्यांना अकरा वर्षांत जाणवलीही नव्हती.

लिटमस फाटकावर गेला. गेल्या महिन्यात प्रोजेक्टर चोरीला गेल्यापासून पहारेकरी जाताना प्रत्येकाची पिशवी उपसत असे.

"काल पाचनंतर काही जड बाहेर गेलं?"

"मोठ्या बाई गेल्या," पहारेकरी म्हणाला आणि लगेच गप्प झाला.

म्हणजे कार्डं आवारातच होती. लिटमस मोठ्या बाईंकडे गेला.

"मॅडम, काल संध्याकाळी तुम्ही संगीताच्या खोलीत गेला होता?"

"गेले होते. खोली मोजायला. संगणक किती मावतील ते बघायला." त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "मी चोर आहे असं म्हणायचंय का तुला?"

लिटमस लाल झाला. "नाही मॅडम. या वेळी नाही."

चित्रकलेच्या वर्गात दादा ब्रश धूत होते. वर्गात ना कपाट ना कुलूप, सगळं उघड्यावर. दुपारचा डबा ते लिटमसबरोबर प्रयोगशाळेत खायचे. बर्नरवर तो गरम करता यावा म्हणून तिथली दुसरी किल्ली त्यांच्याकडेच असायची.

"ऐकलं मी," दादा म्हणाले. "बिचारी. सापडायला हवीत रे."

"काल तुम्ही कधी निघालात?"

"सहाला. हातात डबा. तोही रिकामा. आता माझीपण उलटतपासणी का लेका?"

"पद्धत असते, दादा."

टेबलावर त्र्याण्णव नंबर पडलं होतं. उंटाला नवं तोंड आलं होतं. तोंडात सनई आणि डोळ्यांवर मोठा गोल चष्मा.

"चष्मा?"

"गंमत. आधीच्याला नव्हता. बाईंना दाखवलेलं नाही हं अजून, कुणालाच नाही. तूच पहिला."

लिटमसला उगीचच भरून आलं.

अकरा वाजता सभागृहात टॅबलेटवाला उभा राहिला. त्याच्या टायवर पियानोच्या पट्ट्या होत्या. समितीचे तिघे पुढे बसले, मोठ्या बाई मध्ये, गाण्याच्या बाई आणि दादा मागच्या बाकावर.

पडद्यावर इंद्रधनुष्य उमटलं. "बघा, प्रत्येक सुराला रंग! सा लाल, रे नारिंगी, ग तपकिरी..."

बाईंनी दादांचा हात घट्ट धरला.

"तपकिरी का?" लिटमसनं दारातून विचारलं.

"शास्त्रीय संशोधन," टॅबलेटवाला म्हणाला आणि पुढच्या चित्रावर गेला. मग त्याच्या पुढच्या. माकड, बदक, हत्ती. नंतर एक उंट आला. तोंडात सनई, डोळ्यांवर गोल चष्मा.

लिटमस लाल झाला नाही. उलट त्याच्या चेहऱ्यावरचा रंगच उतरला. तो वळला आणि जिना उतरून गेला. पाच मिनिटांनी परत आला तेव्हा त्याच्या हातात कार्डांचे चार गठ्ठे होते, हनुवटीनं दाबून धरलेले.

"मॅडम, दोन मिनिटं बोलू?"

"आता बोलच," मोठ्या बाई म्हणाल्या.

त्यानं गठ्ठे टेबलावर ठेवले. वरच्या कार्डावर ग तपकिरी होता.

"कुठल्याही इंद्रधनुष्यात तपकिरी पट्टा नसतो. आपल्या शाळेत असतो, कारण पहिल्या वर्षी बाईंचा पिवळा रंग संपला होता. पोरांना सवय झाली, म्हणून त्यांनी बदलला नाही. यांच्या संशोधनालाही नेमका तेव्हाच पिवळा कमी पडला? हे ॲप म्हणजे बाईंची कार्डं आहेत. दोन्ही एकाच दिवशी शेजारी ठेवली की कुणालाही कळलं असतं. म्हणून आज कार्डं दिसायला नको होती."

"ठेवली कुठे होती?" मोठ्या बाईंनी विचारलं.

"माझ्याकडे. सांगाड्याच्या कपाटात. तिथे सांगाडा तरी मावतो किंवा गठ्ठे तरी, म्हणून त्याला बाहेर काढला. मी सकाळी पोरांना शिव्या घातल्या. प्रयोगशाळेला कुलूप होतं. किल्ल्या दोन. एक माझी."

लिटमसनं टॅबलेटवाल्याकडे बोट दाखवलं.

"आणि चष्म्याचा उंट दोन महिने एकाच टेबलावर होता. तो बाईंनीही पाहिलेला नाही. यांनी पाहिला." लिटमसनं मागे बघायचं टाळलं. "दादा, कार्डं दुसऱ्या कुणाला सापडली असती तर चोर मी ठरलो असतो."

दादांनी हात सोडवून घेतला. ते उठले, पण लिटमसकडे गेले नाहीत. टॅबलेटवाल्याकडे गेले.

"शेवटचं पान दाखव."

"सर, आत्ता नको..."

"नावं असतात ते पान."

पान आलं. 'चित्रे: आमचा सृजन विभाग.'

"माझं नाव टाकणार होतास," दादा म्हणाले. "तेवढंच मागितलं होतं मी. पैसा नाही घेतला. सुट्टीत एकेक कार्डाचा फोटो काढून दिला, शेवटी उंटाचाही. अकरा वर्षं सगळे म्हणतात बाईंची कार्डं. पालक म्हणतात, पोरं म्हणतात. अरे, हत्तीची सोंड कुणी काढली?"

टॅबलेटवाला वायर गुंडाळू लागला. आयुष्यात इतकं मन लावून कुणी वायर गुंडाळली नसेल.

समितीनं दहा मिनिटांत निर्णय दिला. तास राहिला, बाई राहिल्या. दादांबद्दलचं पत्र संध्याकाळी निघणार होतं.

बाईंनी गठ्ठे छातीशी धरले. दारात दादा उभे होते.

"तू एकदा म्हणाली असतीस, तर..."

"काय म्हणायला हवं होतं?"

"की आपली कार्डं आहेत."

बाईंचे डोळे भरले होते, पण वाट बघणारे तीस आवाज कॉरिडॉरच्या टोकाहून ऐकू येत होते.

"मी मनात तसंच म्हणत होते," त्या म्हणाल्या. "जरा बाजूला व्हा, सर. माझा तास सुरू झालाय."