रोशनीताईचा बंद फोन

तो बल्ब राहू द्या बंद. किडे येऊन राह्यले. अंधारातच ऐका, अन् मधात कोणी मोबाईल काढायचा नाही.

मागच्या साली घडलेली गोष्ट आहे. पोळा अमावास्येला झाला, त्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा. दिवसभर पोट्ट्यांनी लाकडी बैल घरोघर फिरवले, बोजाऱ्याचे पैसे घेतले, अन् दिवे लागायच्या सुमारास गाव थकून गप्प झालं. तेव्हा माझ्या मेहुण्याची सून रोशनी स्कूटी काढून सेलूला निघाली. काम साधंच होतं. दुरुस्तीला टाकलेला फोन परत आणायचा.

रोशनी आशाताई आहे, आरोग्य खात्याची. आजूबाजूच्या वस्त्यांतल्या गरोदर बायांचं तिच्याकडे. कोणाला सुई, कोणाला गोळ्या, कोणाला दवाखान्यात घेऊन जायचं, सगळं तीच पाहते. फोन तिला ऑफिसातून मिळाला होता, अन् मिळाला तेव्हापासूनच त्याचं काही खरं नव्हतं. चार्जिंग अर्ध्याच्या वर दिसायचं आणि बोलता बोलता पट्कन अंधार. मग काही करा, उठायचा नाही. ती बाजूचं बटण आणि आवाजाचं बटण एकदम दाबून धरायची, अंगठा पांढरा पडेस्तोवर. चार्जर बदलून पाहिला. शेजारणीनं सांगितलं म्हणून तांदळाच्या डब्यात ठेवून पाहिला. कधी आपोआप जागा व्हायचा, कधी दिवसभर मढ्यासारखा पडून राहायचा.

तिनं ऑफिसात सांगितलं नाही असं नाही. दर मीटिंगला सांगितलं. तिथले साहेब मधुकरराव. मान वर न करता म्हणायचे, "रोशनीबाई, फोन चांगलाच आहे. तुम्ही लोकं घरी पोरांना गेम खेळायला देता आणि नाव फोनचं."

रोशनीला पोर नाही. साहेबांना ते माहीत होतं. ती दात आवळून घरी यायची.

आणि मग आषाढात गोपिकाचं झालं.

गोपिका नाल्यापलीकडच्या वस्तीवरची. नवरा पीयूष वांगी, मेथी लावतो, बाजाराला नेतो. पहिलटकरीण, अंगानं बारीक, भित्री. दवाखान्याचं नाव काढलं की रडायची. रोशनीनंच तिला तयार केलं होतं. म्हणाली होती, "घाबरू नोको. दुखाले लागलं की मले फोन लावजो. रात्र असो का काही असो, मी येते. माह्याबिगर जाऊ नोको."

माह्याबिगर जाऊ नको. हे ती प्रेमानं म्हणाली होती बरं का.

मग एका रात्री गोपिकाला दुखायला लागलं. पीयूषनं फोन लावला. बंद. पुन्हा लावला. बंद. तो म्हणाला, आपणच गाडी बोलावू. गोपिका म्हणाली, "ताई येते म्हणली हाय. ताई आल्याबिगर मी जात नाई." खाटेचा पाय धरून बसली. शेवटी त्यानं जबरदस्तीनं ऑटोत घातलं, पण उशीर झाला होता. नाल्यावरच्या रपट्यापाशी, त्या बुटक्या पुलापाशी, ती गेली. लेकरू पोटातच राहिलं.

रोशनी सकाळी उठली. फोन उशाशी होता. रात्री चार्जिंगला लावून झोपली होती... थंडगार.

नंतर चौकशी झाली. मधुकररावांनी लिहून दिलं, आशाताईनं फोन बंद ठेवला होता. बस. एवढं एक वाक्य. त्या वाक्यानं तिला गावात तोंड दाखवायला जागा ठेवली नाही. गोपिकाच्या सासूनं तिच्या अंगावर पाण्याचा गडवा फेकला. पीयूष रस्त्यात दिसला की मान फिरवून घ्यायचा. रोशनीला रडू येत नव्हतं. राग येत होता. साहेबाचा, फोनचा, सगळ्या दुनियेचा. आणि खोटं कशाला सांगू, थोडा गोपिकाचाही. माझं एवढं कशाला ऐकलंस म्हणून.

तर तान्ह्या पोळ्याच्या त्या संध्याकाळी ती सेलूला दुकानात पोचली. दुकानवाला अश्विन ओळखीचा.

"जयभीम ताई. बसा," तो म्हणाला. "नवी बॅटरी टाकून पाह्यली, काढून घेतली. चार्जिंगची जागा साफ केली. आतलं सगळं पुसून पाह्यलं, नावं, नंबर, फोटो, काही ठेवलं नाई. तरी नाई उठला. बोर्डच मेला ह्याचा."

"मंग?"

"मंग काही नाई. जुनी बॅटरी फुगली होती, ते ह्या पुडीत वेगळी बांधून देल्ली. सिमकार्डही त्यातच हाय. फोन आता फेकाचा."

"फेकत नाई," रोशनी म्हणाली. "उद्या मीटिंग हाय. साहेबाच्या टेबलावर आपटते की नाई ते पाहा तुम्ही."

फोन पर्समध्ये टाकला, पुडी डिक्कीत टाकली आणि निघाली. डांबरी रस्ता सोडून गावाकडं जाणाऱ्या वस्तीच्या वाटेला लागली. दोन्हीकडे कपाशी. आभाळात चंद्र नाही, रस्त्यावर माणूस नाही. ती आपल्याच तंद्रीत, उद्या साहेबाला काय काय ऐकवायचं ते मोठ्यानं बोलत चालली होती. भीतीला जागाच नव्हती, इतकी भडकलेली होती.

रपट्यावर आली.

पर्समध्ये फोन वाजला.

तिला वाटलं, भास. स्कूटी थांबवली. इंजिन बंद केलं. नाल्याचं पाणी वाहत होतं, आणि त्याच्या वर... तीच रिंग. तिचीच. तिनं पर्स उघडली. आतून उजेड आला. पातळ, निळसर.

तिनं फोन हातात घेतला. हलका. बॅटरीची जागा रिकामी. मागचं झाकण काढून बोटानं चाचपून पाहिलं, रिकामीच.

काचेवर नाव होतं. गोपिका.

 पण पोट्टेहो, ती बाई पळाली नाही. तिनं फोन कानाला लावला.

आधी काही नाही. मग श्वास. तुटत तुटत घेतलेला, कळ दाबून धरलेल्या बाईचा.

"ताई..."

रोशनीनं फोन कानाशी घट्ट दाबला.

"ताई, किती येळची लावून राह्यली मी..."

"गोपिका..."

"बंदच येते. बंदच येते... तुम्ही तं म्हणल्या होत्या, येते म्हणून."

पुढचा आवाज बदलला. भित्री पोरगी राहिली नाही ती. दातओठ खाऊन बोलावं तसा.

"काऊन नाई उचलला?"

आता एखादी बाई हात जोडती, माफी मागती. रोशनीच्या आत इतक्या दिवसांचं साचलेलं होतं, ते उसळून आलं. ती त्या अंधारात ओरडली, "माह्यावर काऊन रागावतं वं! मी का बंद ठेवला? हजारदा सांगतलं त्याहिले, फोन खराब हाय, बदलून द्या! कोणी आयकलं? तुह्या मरणाचा ठपकाही माह्याच डोक्यावर मारला! माहा दोष नोहता, गोपिका! माहा नोहता!"



पाणीही थांबल्यासारखं झालं.

मग अगदी हळू आवाज आला.

"मंग... कोनाचा होता?"

रोशनीच्या डोळ्यांसमोर साहेब आले.

"नंबर द्या ना, ताई."

...

"त्याचा नंबर द्या."

तो नंबर रोशनीला तोंडपाठ होता. किती वेळा तरी तिनं तो लावला होता. पुढं मला सांगताना ती म्हणाली, मामाजी, मी विचार केला असता तर दिला नसता. पण विचार करायला राग जागा ठेवत नाही. तिनं एक एक आकडा म्हटला. पलीकडून प्रत्येक आकड्याला हुंकार आला. शेवटच्या आकड्याला नाही आला.

उजेड गेला. हातात नुसती काच.

घरी जाऊन ती रात्रभर भिंतीला टेकून बसली. साहेबाला सावध करावं का? करायचं तर कशावरून? आणि खरं सांगायचं तर करावंसं वाटतही नव्हतं.

सकाळी मीटिंगला गेली. मधुकरराव उशिरा आले. कधी शर्टाची घडी मोडू न देणारा माणूस, बटणं वरखाली लावून आलेला. डोळे सुजलेले. फोन रुमालात गुंडाळून छातीशी धरलेला, महागातला, नवा. कोणाच्या नमस्काराकडे लक्ष नाही. सरळ रोशनीसमोर येऊन उभे राहिले.

"रात्री फोन हातातच बंद पडला," ते म्हणाले. आवाज बसलेला. "बटणं दाबली. उठेना. आणि मग... बंदच होता. बंद होता आणि वाजत होता. रात्रभर. उशीखाली ठेवला, बाहेर अंगणात ठेवला..."



"उचलला का?" रोशनीनं विचारलं.

त्यांनी मान हलवली. उचलला की नाही, कळलं नाही.

"रोशनीबाई, तुम्ही माझा नंबर कोणाला दिला?"

तिनं त्यांच्या डोळ्यांत पाहिलं. पर्समधून मेलेला फोन काढला आणि जसं ठरवलं होतं तसा त्यांच्या टेबलावर आपटला.

"जिचा फोन तुमच्यापायी मले लागला नाई, साहेब, तिले."

मधुकरराव खुर्चीवर बसले.  तिथंच, सगळ्यांसमोर, त्यांनी फायलीतला आधीचा कागद फाडून दुसरा लिहिला. फोन खराब होता, वारंवार सांगूनही बदलून दिला नाही, चूक माझी. खाली सही केली. पुढं त्यांनी बदली मागून घेतली. रोशनी तो कागद घेऊन पीयूषच्या घरी गेली. गोपिकाच्या सासूनं तो वाचून घेतला आणि तिच्यापुढं चहा ठेवला.

त्या रात्रीनंतर रोशनीला फोन आला नाही.

साहेबांचा फोन दुरुस्तीला आला तो अश्विनकडेच. कंपनीतून निघाल्यापासून कोणी उघडला नव्हता, सील तसंच. त्यानं गरम करून काच सोडवली आणि दिव्याखाली धरली. मग मला बोलावून दाखवली. मी माझ्या डोळ्यांनी पाहिली आहे.

काचेच्या आतल्या बाजूला ठसा होता. ओलसर. अश्विननं फडक्यानं पुसला, स्पिरिटनं पुसला, गेला नाही.

माझ्या अंगठ्याच्या पेराएवढा तळहात... आणि पाच बोटं.