मनकर्णाच्या गुडघ्याचा आवाज

वडवणीच्या बाजारातून सरकीची पेंड घेऊन बंकट घरी आला, तेव्हा दिवस अजून कासराभर वर होता. गव्हाणीत पेंड टाकून त्यानं पाटी वाजवली, शेळ्यांना हाक मारली. बावीस शेळ्यांतल्या एकीनंही तोंड घातलं नाही. बायको मनकर्णा जाऊन चौदा दिवस झाले होते आणि तेव्हापासून शेळ्या घास-दोन घास खाऊन बाजूला होत होत्या. कासेत दूध उतरत नव्हतं. कालच दुसरं करडू दगावलं होतं.

जनावराला अक्कल नसते असं म्हणणाऱ्यानं कधी शेळी पाळलेली नसते. या शेळ्यांनी जगातले सगळे आवाज तीन ढिगांत वाटून ठेवले होते. लांडगा, परकं कुत्रं, फटाका हा एक ढीग. तो ऐकला की कान टवकारून गप्प व्हायचं. मोटारसायकली, भोंगे आणि बंकटची बडबड दुसऱ्या ढिगात. तिकडे ढुंकूनही बघायचं नाही. तिसऱ्या ढिगात मात्र एकच आवाज होता, मनकर्णाच्या उजव्या गुडघ्याचा. टक्... खस्. तो आला की साऱ्याजणी मान उंचावून नाकातून बारीक हुंकारायच्या, पिलाला बोलावतात तसं.

नऊ वर्षांपूर्वी बीडला तिचा गुडघा बदलला होता. उकिडवं बसायचं नाही, असं डॉक्टरनं बजावलं होतं. पण खुर्चीवर बसून शेळीची धार काढलेली कुणी पाहिली आहे? ती बसायची ती बसायचीच. सातव्या वर्षी आवाज सुरू झाला. दोन धातूंच्या मधली प्लास्टिकची चकती झिजली आहे, तिची पांढरी भुकटी आतल्या आत पडते आणि हाड पोखरते, ती बदला, असं डॉक्टरनं सांगितलं. शेळ्या व्यायला आल्यात, नंतर बघू, असं बंकट म्हणाला.

ते खोटं नव्हतं. पण आणखी एक गोष्ट होती, तो आवाज त्याला आवडू लागला होता. म्होरक्या शेळीच्या गळ्यातली घंटा काढून टाकून तो गावभर सांगायचा, आमच्यात घंटी माणसाच्या पायात हाय. तीही हसायची. एकदाच, धारेवरून भिंतीला धरून उठताना तिनं श्वास कोंडला आणि म्हणाली, "अवो, आता बसवंना. एकदा दाखवून येऊ की."

"एवढं शेळ्यांचं येत उरकू दे, व्याल्या की जाऊ."

ते येत उरकलं, पुढचंही सुरू झालं. मनकर्णा नाल्याचा उतार उतरत होती, गुडघ्यानं दगा दिला आणि डोकं दगडावर आपटलं. बंकट त्या दिवशी बाजारात होता. तो पोहोचला तेव्हा शेळ्या तिच्याभोवती चरायचं सोडून उभ्या होत्या.

तिसऱ्या दिवशी राख सावडताना धातूचे दोन तुकडे हाती लागले. बाकी सगळं गंगेला, म्हणजे गोदावरीत गेलं. ते दोन मात्र बंकटनं फडक्यात गुंडाळून बंडीच्या खिशात सारले. दिंद्रुडला दिलेली लेक बबिता ते बघत होती.

"आबा, आईचं काही मागं ठिऊ नका. तिला जाऊ द्या."

काही न्हाई ठिवलं, असं तो बेधडक म्हणाला.

तर बाजारातून पेंड आणली त्या संध्याकाळी, शेळ्या खात नाहीत म्हणून, बंकटनं फडक्यातले ते तुकडे काढून एकमेकांवर आपटले. टण्. शेळ्या कान टवकारून गप्प झाल्या. त्यांनी तो आवाज लांडग्याच्या ढिगात टाकला होता. चकती तर सरणातच जळून गेली होती, तो मऊ आवाज आता कुठून येणार! बंकट गव्हाणीला टेकून रडला.

आणि नाल्याच्या वाटेनं आवाज आला. टक्... खस्.

साऱ्या माना वर झाल्या. तो हुंकार उठला. मनकर्णा गेल्यावर जन्मलेलं चार दिवसांचं करडू, ज्यानं हा आवाज कधी ऐकलाच नव्हता, ते सगळ्यांच्या पुढं धावलं आणि रिकाम्या वाटेवर गळा ताणून उभं राहिलं, कुणीतरी खाजवत असावं तसं. मग शेळ्या वळल्या आणि त्यांनी गव्हाण चाटूनपुसून साफ केली.

बंकटला भीती वाटली नाही. लई दिवसांनी त्याला भूक लागली.

सकाळी फडकं उघडलं तर तुकड्यांखाली चिमूटभर पांढरी भुकटी. बोटांत चोळली. राख नव्हती, मेणासारखी गुळगुळीत लागत होती. त्यानं झटकून टाकली. दुसऱ्या दिवशी पुन्हा होती. आठ दिवस आवाज येत राहिला, कासा भरल्या, करडं उड्या मारू लागली. शेळ्यांसाठीच ठेवलंय, असं तो स्वतःला बजावत होता. पण खस् रोज लांबत चाललं होतं, पाय ओढल्यासारखं. आठव्या संध्याकाळी ते धारेच्या जागेपाशी थांबलं. कुणीतरी श्वास कोंडला.

"अवो... आता बसवंना..."

पहाट होताच बंकट गंगेला गेला. कमरेएवढ्या पाण्यात उभं राहून त्यानं दोन्ही तुकडे सोडले, फडकं तिथंच धुतलं. जे दोन वर्षं म्हणायला हवं होतं, ते तो तेव्हा म्हणाला.

"चूक माझी हाय, मनकर्णे. आता तू बस."

संध्याकाळी तो दारात बसून राहिला. दिवस बुडाला, वाट गप्पच होती. सुटली बिचारी, असं म्हणत त्यानं डोळे पुसले आणि पेंड टाकायला उठला.

तेवढ्यात शेळ्यांनी माना वर केल्या आणि सगळ्या मिळून हुंकारल्या. बंकटला काहीच ऐकू येत नव्हतं. करडू धारेच्या जागेपाशी जाऊन गळा ताणून उभं राहिलं. बस, असं त्यानंच तिला सांगितलं होतं.

तो धावत आत गेला. धुऊन वाळवलेलं फडकं घडी करून फळीवर ठेवलं होतं. त्यानं घडी उलगडली. आज भुकटी चिमूटभर नव्हती, मूठभर होती.