पाचव्याची पंधरा सेकंदं

आधी चहा घ्या, मग सांगते. आणि हसायचं तर मोकळं हसा, घरमालकीण द्वारकाबाई सकाळीच करमाडला लेकीकडं गेल्यात, खाली कुलूप आहे.

मागच्या वेळी मेडिसिनच्या तोंडी परीक्षेत मी कशी नापास झाले ते माहितीय ना? उत्तर बरोबर होतं. सर म्हणले, "बरोबर आहे, पण आलं कुठून?" मला सांगताच येईना. सोमवारी परत तीच परीक्षा. आता गेले की सहा महिने गेले, आणि तिकडं गंगापूरला अप्पा गावभर मला डॉक्टरीणबाई म्हणत फिरतायत.

म्हणून या मंजुषानं ते व्हिडिओ दिले. कुठल्यातरी कॉलेजची चार पोरं, एक पांढरा फळा, रोज एका पेशंटची केस. एकूण चाळीस, तीन वर्षांपूर्वी टाकलेले. त्यातला फळ्यावर लिहितो तो इंद्रजीत. त्यांची रीत अशी, की प्रत्येकानं एक आजार सुचवायचा, एक गोष्ट त्याच्या बाजूनं, एक विरुद्ध. असं कोणी मोठ्यानं विचार करताना ऐकलं ना, की आपलं डोकं पण तसंच चालायला लागतं. लई मजा यायची. रोज सकाळी एक. खाली द्वारकाबाईंचा कुकर, वर मी.

चौघांचं झालं की पंधरा सेकंदं कोणीच बोलत नाही. सगळे कॅमेऱ्याकडं बघतात. मग इंद्रजीत पाचवं नाव लिहितो. मला वाटलं, कॅमेरा धरणारं कोणी असेल, आवाज येत नसेल.

सातव्या केसला त्या पंधरा सेकंदांत मी सहज बोलले, "थायरॉइड. वजन वाढलंय, थंडी सोसत नाही. विरुद्ध म्हणजे, नाडी जलद आहे."

इंद्रजीतनं थायरॉइड लिहिलं. म्हणलं, योगायोग.

बाराव्याला पेशंटच्या पायाला सूज होती. मी मुद्दाम म्हणले, "विंचू चावला." चौघंही हसले. इंद्रजीत म्हणला, "कारण सांग, मग लिहितो."

घाबरायला पाहिजे होतं ना मी? नाय घाबरले. उलट बरं वाटलं, कोणीतरी रोज कारण विचारतंय. तेव्हापासून बोलतेच. कारण आधी, उत्तर नंतर.

मागच्या आठवड्यात मंजुषाच्या मोबाइलवर सातवा लावला. त्यात शांतता नव्हतीच. माझा आवाज होता. थायरॉइड, वजन, थंडी, नाडी. मागं कुकरची शिट्टी. तीन वर्षांपूर्वी मी ही खोली बघितलीसुद्धा नव्हती.

मंजुषानं मग पुढचे लावले, मी न बघितलेले. त्यातपण मी. आणि किती छान बोलते, सांगू. एक उत्तर कारणाशिवाय नाही. सोमवारची भीतीच गेली माझी.

फक्त चाळिसाव्यात मी नाही.

इंद्रजीत वाट बघतो. पंधरा सेकंदं. अजून पंधरा. मग मार्करला टोपण लावतो. मागं कुकर. चार शिट्ट्या, पाच, सहा. बंद करायला कोणी उठत नाही.

काल एकोणचाळीस झाला. आज चाळीस. सोडणार तर नाहीच, म्हणून तुम्हाला बोलावलं. मी बोलते का नाही, तेवढं ऐका.

मंजुषा, दार लोट.

थांबा. मी व्हिडिओ अजून लावलेला नाही.

ती शिट्टी खालून आली, कुलपाच्या आतून.