उठाव

चित्रातल्या बाईची डावी टाच किंचित उचललेली होती. टाचेखाली नखाएवढा कागद कोरा होता. बाकीची सावली मऊ पेन्सिलीने घोटून काळीभोर केलेली.

"ही उभी नाहीये, निघालीये," मी म्हटलं.

नवरा हसला. तो चित्रकला शिकवतो. लग्नानंतर मला बागेच्या फाटकाशी पाठमोरी उभी करून त्याने हे चित्र काढलं आणि जेवणाच्या टेबलासमोर टांगलं. "प्रयोगशाळेतल्या बाईंनी चित्रातलं बोलू नये. निवांत आहे ती. दोन्ही पाय टेकलेत. मीच काढलेत ना?"

"पण उठाव नाही रे हिला," जेवायला आलेली नणंद म्हणाली.

"कोणत्या हिला? भिंतीवरच्या की टेबलावरच्या?"

दोघं जेवण संपेपर्यंत हसत होती.

दुसऱ्या शहरातल्या प्रयोगशाळेने मला नोकरीसाठी बोलावलं होतं. जायचं, आणि एकटीनेच जायचं, हे मी कधीच ठरवलं होतं. सांगायची वेळ आली की मी त्याच्या पेल्यात पाणी ओतत असे.

खोट्या सह्या तपासणं हे माझं काम. तो शाळेत गेल्यावर मी चित्र भिंगाखाली धरलं. खोडरबर फिरला की कागदाचे तंतू उपसतात. इथे एकही हललेला नव्हता. पण बाईच्या जरा मागे, कोऱ्या जागेत, पेन्सिलीच्या दाबाच्या खाचा होत्या. दोन टेकलेली पावलं. शिसं नव्हतं, खाचा होत्या.

तो खरं बोलत होता.

पुढच्या आठवड्यात बाईचा हात फाटकाच्या कडीवर होता. या वेळी त्यालाही दिसलं.

"माझ्या चित्राला हात लावलास?"

"नाही."

"थांब, उठाव देतो." कडक पेन्सिल घेऊन त्याने कडीवर कुलूप काढलं. इतकं दाबून की टोक मोडलं. "आता जाऊन दाखव म्हणावं."

सकाळी माझ्या उजव्या तळव्यावर चकचकीत राखाडी पट्टा होता, कडीच्या जाडीचा. साबणाने निघेना.

तो टेबलाशी बसला होता. चित्रात फाटक सताड उघडं होतं. बाईच्या जागी नुसता कागद, गुळगुळीत.

"कुठे गेली ही?" त्याने मागे न बघताच विचारलं.

त्याचा पेला रिकामा होता. मी पाण्याच्या जगला हात लावला नाही.

"मी हे घर सोडतेय," मी म्हटलं.