गरुडाचं गाऱ्हाणं

“ओ, चपला काढा आधी! देवाची राई हाय ही!”

मान वर करून झाडं बघत चाललेला तो तरुण असा दचकला, की मला हसू आवरेना. चपला हातात घेत तो म्हणाला, “माफ करा... मी धनेश शोधतोय.”

“धनेश? या नावाचं आमच्या वाडीत कोण राहत नाय.”

आता हसायची पाळी त्याची. “अहो, पक्षी तो! मोठी पिवळी चोच, उडताना पंखांचा केवढा आवाज—”

“तो होय! त्याला आम्ही गरुड म्हणतो. चला, दाखवते.”

तो हरिश्चंद्र. राजापूरचा, मुंबईच्या कॉलेजात पक्ष्यांचा अभ्यास करणारा. मी दमयंती, धाकू गुरवाची मुलगी. साल चौऱ्याऐंशीचं. आमचे डोंगर कोळशासाठी बोडके झाले होते, वाडीचा ओढा, आमचा पऱ्या, चैत्रातच आटायचा, उन्हाळा दरसाल जास्तच भाजायचा. गरुड तर दिसेनासेच झाले होते. उरली ती देवाची राई, आणि तिथल्या बेहड्याच्या ढोलीत कितीतरी वर्षांनी एक जोडी आली होती. मादी ढोलीत बसून दार लिंपून घेते, चोचीपुरती फट ठेवते. नर तिला बाहेरून फळं भरवतो.

“आणि तो आलाच नाय तर?” मी विचारलं.

“वाट बघणारं कुणी असलं, की येतो.”

दुर्बीण देताना त्याची बोटं माझ्या बोटांवर जराशी रेंगाळली... मी दुर्बीण उलटी धरली होती, हे मला फार उशिरा कळलं.

रोज राईत जायला मला काहीतरी निमित्त सापडायचं. पण ढोलीतलं पिल्लू उडालं, की हरिश्चंद्राचं काम संपणार होतं. त्या विचारानं घास गोड लागेना.

त्यात उन्हानं उंबरं वाळली, नराच्या फेऱ्या कमी झाल्या. बाबांनी वाडी जमवून गाऱ्हाणं घातलं, “बा देवा म्हाराजा, गरुडाचं पिल्लू सुखरूप उडू दे रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!” सगळी वाडी गरजली.

माझे ओठ मात्र उघडले नाहीत. गुरवाची पोर, आणि गाऱ्हाण्याला गप्प!

आणि पिल्लू उडालं. चाचपडत, फांदीला धडकत... पण उडालं. आनंद झाला, आणि डोळे भरूनही आले.

दुसऱ्या दिवशी पिशवी खांद्याला लावून हरिश्चंद्र राईत आला. “एक विचारू? त्या दिवशी तू ‘व्हय म्हाराजा’ म्हणाली नाहीस.”

“तुम्हांला काय ठाऊक? सगळ्यांनी डोळे मिटले होते.”

“मी तुझ्याकडे बघत होतो. आणि... मीही म्हटलं नव्हतं.”

“मग देवानं आपलं का नाय ऐकलं?”

“आपण बोललो कुठे? मुक्याचं गाऱ्हाणं देवाला कसं कळणार?”

“मग आता बोलते. जाऊ नका.”

“आज जायलाच हवं गं. पण आईला घेऊन येतो. तुझ्या बाबांकडे.”

फाट्यावर एस.टी. आली. खिडकीतून त्याचा हात हलत राहिला, मीही हात हलवत राहिले. गाडी घाटात दिसेनाशी झाली, तेव्हा कुठे लक्षात आलं... ‘कधी?’ हे विचारायचंच राहिलं.