दुधाचं पातेलं

"माझ्या सुनेनं माझ्या मुलाला मारलेलं नाही," म्हातारी म्हणाली आणि खुर्चीच्या कडेवर टेकली. "तेवढं सिद्ध करून द्या."

हवालदारानं कान टवकारले. सुनेविरुद्ध तक्रार घेऊन येणाऱ्या सासवा त्यानं नोकरीत ढिगानं पाहिल्या होत्या. सुनेसाठी उंबरे झिजवणारी ही पहिलीच. ती नोकरी आता संपली होती. त्याची थोरली बहीण खासगी गुप्तहेर होती. सगळे तिला ताईच म्हणत. तिच्यामागे तो सल्लागार म्हणून हिंडायचा. सल्ला कोणी विचारत नसे, हा भाग वेगळा.

"घरात कोण कोण?" ताईनं विचारलं.

"खाली पुस्तकबांधणीचा कारखाना, वर आम्ही. थोरला गेला. सून कोठडीत. राहिला धाकटा. लाडात वाढलेला, साधा रुमाल कधी स्वतः धुतला नाही त्यानं."

पोलिसांचं म्हणणं सरळ होतं. भरदुपारी कारखान्यात थोरल्याच्या डोक्यात लोखंडी वजन घातलं गेलं. वर स्वयंपाकघराच्या मोरीत दुधाचं पातेलं कलंडलेलं होतं आणि त्यात उकळलेला टॉवेल. रक्ताचे डाग तपकिरी होऊन पक्के बसलेले.

"घरात धुणं कोण धुतं? बाई," फौजदार म्हणाले. "पुरुष कशाला त्या भानगडीत पडेल?"

हवालदाराला हे शंभर टक्के पटलं.

सून कोठडीत गुडघ्यांना मिठी मारून बसली होती. "ह्यांनी कारखान्याचा कारभार माझ्या हाती द्यायचं ठरवलं होतं. मी त्यांना कशाला मारू? तेव्हा गच्चीवर एकटीच कपडे वाळत घालत होते. जन्मठेप होईल का हो मला?"

"सांगता येत नाही," ताई म्हणाली. खोटा धीर देणं तिला कधी जमलं नाही.

कारखान्यातला कारागीर विधुर होता. बोटांवर कापल्याचे जुने वण, शेजारी खळ शिजवायची शेगडी.

"मालकांशी भांडण झालं होतं?"

"सकाळीच. खळ पातळ झाली म्हणून बोलले."

"हात कापला की रक्ताचं फडकं कसं धुता?"

"गार पाण्यात. गरम घातलं की डाग जन्माचा बसतो. बायको गेल्यावर शर्ट वाया घालवून शिकलो."

धाकट्यानं पाण्याचा पेला डाव्या हातानं उचलला. उजव्या बोटांना पट्टी होती.

"कटरनं कापलं," तो म्हणाला. "दुपारी मी बाहेर होतो. अन् स्वयंपाकघरात माझं काय काम?"

स्वयंपाकघरात ताईनं हवालदाराला सांडशी द्यायला सांगितलं. त्यानं सगळ्या फळ्या धुंडाळल्या. शेवटी म्हातारीनं न बघता डब्यांमागे हात घालून ती काढून दिली.

संध्याकाळी ताईनं सगळ्यांना कारखान्यात जमवलं.

"रक्त गार पाण्यानं निघतं, हे मुलीला वयात येताच कळतं," ती म्हणाली. "पुढे दर महिन्याला उजळणी होते."

फौजदार छताकडे बघू लागले. हवालदाराचे कान तापले.

"शिवाय दुधाच्या पातेल्यात असलं फडकं? घरातली बाई मेली तरी घालणार नाही. कारागिराला डागांचं कळतं, आणि त्याची शेगडी इथंच आहे. तो वर कशाला जाईल? उरला तो, ज्यानं कधी रुमालही धुतला नाही. सांडशी कुठं असते तेही त्याला ठाऊक नव्हतं. उकळतं पातेलं त्यानं हातानंच उचललं, चटका बसला आणि मोरीत टाकून पळाला. पट्टी सोडा."

पट्टीखाली काप नव्हता. फोड होते.

"वहिनीच्या हाताखाली राबायचं? मी?" धाकटा ओरडला. "लोक तोंडावर हसले असते! आई, तू तरी सांग यांना!"

म्हातारीनं त्याच्याकडे पाठ फिरवली. फौजदार त्याला घेऊन गेले. त्यांच्या जागी आपण असतो तर सुनेलाच आत टाकलं असतं, या विचारानं हवालदाराला मनापासून लाज वाटली.

"तुम्हाला ठाऊक होतं," ताई हळूच म्हणाली.

"पातेलं पाहिलं तेव्हाच." म्हातारी म्हणाली. "पण मीच त्याला जन्म दिलाय. माझ्या तोंडून कसं निघावं? अन् तिला तरी कशी सडू द्यावी?"

दुसऱ्या दिवशी सून सुटली. दारात सासूला पाहून तिला रडू फुटलं. "आई, आता घरात उरलं कोण?"

"तू आहेस. मी आहे." म्हातारीनं तिचा हात घट्ट धरला. "चल, कारखाना उघडायचाय तुला."