व्हेनमोर घराण्याची हाक

अ‍ॅशबर्नला अमेरिकेतल्या आमच्या घरामागे डेटा सेंटर आहे. त्याची घरघर दिवसरात्र चालते आणि आठवड्याभरात कानाला सवय होते. मी तिथेच नोकरी करतो. यंत्र का बंद पडलं ते शोधणं हेच माझं काम, त्यामुळे भुताखेतांशी माझं कधी जमलं नाही.

शेजारी एडगर व्हेनमोर राहायचे. इंग्लंडमधल्या त्यांच्या घराण्याची ‘सर’ ही पदवी पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली, त्यांना ती काकांकडून मिळालेली. एकुलता एक मुलगा ज्युलियन मोटारसायकलच्या अपघातात गेला आणि घराण्यात दुसरा पुरुष उरला नाही. जन्माने कोणी मोठं होत नाही, हे मानणारी आम्ही बाबासाहेबांची लेकरं. मी ते त्यांना तोंडावर सांगितलं होतं. ते हसले. मोठेपणाचं काय घेऊन बसलास, म्हणाले, ओझं आहे ते.

आई नागपूरहून आली आणि दोघांची गट्टी जमली. त्यांना मराठी येईना, तिला इंग्रजी. तरी रोज दुपारी आई आणि तिचे ‘एडगरभाऊ’ पायरीवर चहा घेत बसायचे आणि मी मधला दुभाषा.

एकदा त्यांनी सांगितलं, की घराण्यातला पदवीधारी गेला की बातमी यायच्या आधी दारातून कोणीतरी वारसाला हाक मारतं. त्याने ओ दिली की पदवी त्याची. त्यांनी स्वतः ती हाक इथेच, दारापुढचं गवत कापताना ऐकली आणि ओ दिली होती.

“आणि जो ओ देतो, त्याच्या डोळ्यांदेखत त्याचं मूल जातं,” ते म्हणाले. “म्हणून पदवी कायम पुतण्यांकडे, नातवांकडे गेली. मी गेल्यावर कोणी ओ देऊ नका. संपू दे.”

काय म्हणतात, आईने विचारलं. हाकेचं सांगितलं, ओ द्यायची नाही हेही सांगितलं. मुलांचं गाळलं. आईच्या तोंडावर लेकराच्या मरणाचं कोण बोलतं?

ऑक्टोबरात एडगरभाऊ हॉस्पिटलमध्ये होते. रविवारी दुपारी आई भाकरी थापत होती. एकाएकी मागची घरघर थांबली. नंतर मी सेंटरचे लॉग, म्हणजे यंत्रांच्या नोंदी, तपासले. वीज गेलीच नव्हती.

“इज एनीवन देअर?”

पुरुषाचा आवाज, अदबीचा, थकलेला. दाराच्या कॅमेऱ्यात पायरी रिकामी दिसत होती. मी आईला गप्प राहायची खूण केली.

पुन्हा तेच. तिसऱ्यांदा आवाज भरून आला होता.

शब्द कळले नसले तरी हाक आईला कळली. तिने हात पुसले. “तुझे आजोबा पाण्यासाठी लोकांच्या दारात उभे राहून हाका मारायचे, कुशल. आत माणसं असायची. कोणी ओ द्यायचं नाही.”

“आई, नको.”

“दारातल्या माणसाला ताटकळत ठेवणं आपल्याला शोभत नाही.” तिने दार उघडलं. “आहोत ना, दादा. या.”

दारात कोणी नव्हतं. घरघर परत सुरू झाली.

मग फोन वाजला. भाऊ गेले होते.

त्यांना शेवटी बघून आलो आणि गाडीत बसून रडलो. एवढ्या मोठ्या घराण्यातला शेवटचा माणूस, आणि निरोपाला आम्ही दोघंच. इंग्लंडच्या एका वर्तमानपत्रात आलं, की व्हेनमोर पदवी संपुष्टात आली.

आई मात्र बदलली. मी जेवत असलो की समोर बसून बघत राहते. तिचे डोळे भरतात. काय झालं विचारलं की म्हणते, “काही नाही रे, उगीच.”

मी माझ्या सगळ्या टेस्ट करून घेतल्या. सगळं नॉर्मल आहे.

काल तिने माझा एक फोटो निवडला, एकट्याचा, आणि मोठा करून, फ्रेम लावून आण म्हणाली. कशाला, ते तिलाही सांगता येईना.

मी आणला.

वडिलांच्या हार घातलेल्या तसबिरीशेजारी तिने खिळा आधीच ठोकून ठेवला होता.